पांढरीच्या मातीतले गवत

खानदेशात गावाला दोन जमिनी असतात : काळी आणि पांढरी. काळी पिकते, पांढरी नांदते. महसुलाच्या जुन्या भाषेत काळी म्हणजे लागवडीची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. हा भेद कारकुनांनी कागदावर पाडलेला नाही, तो डोळ्यांना दिसतो. शेतातली माती काळीभोर, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी. गावाखालची माती राखट, भुसभुशीत, फावडे लावले की धूळ उडवणारी. एकाच नदीच्या काठी थोड्याशा अंतरावर मातीचा रंग असा पालटतो, कारण पांढरीची माती एकट्या निसर्गाने केलेली नाही. चुलीची राख, पडक्या भिंतींचा चिखल, गुरांचे शेण, खळ्यावरचे भूस, सारवणाचे पापुद्रे, हाडे, खापरे असे पिढ्यान्‌पिढ्या साचत गेले की पांढर तयार होते.

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी घ्या किंवा तिच्या आसपासचे दुसरे कोणतेही जुने गाव घ्या. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाची सपाटी. सातपुड्यातून उतरणारी गोमाई शहाद्यावरून पुढे जाऊन प्रकाशे येथे तापीला मिळते. या पट्ट्यात आज ऊस, केळी, पपई, कापूस, गहू, ज्वारी अशी पिके उभी असतात. त्यांतले कोणते पीक इथे केव्हा आले? पहिल्यांदा कोणी पेरले? ऊस-केळीच्या आधी या काळीवर काय डुलत होते? दप्तरे फार तर काही शतके मागे नेतात. ताम्रपट दान देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव सांगतात, पण त्या जमिनीत काय पेरले जात होते ते क्वचितच सांगतात. सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांच्या शेतीविषयी तर बाहेरच्यांनी फार उशिरा लिहिले.

असे असूनही या प्रश्नांची उत्तरे अगदीच नाहीशी झालेली नाहीत. त्यांतली बरीचशी गावाखालच्या पांढरीत, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्या काचेसारख्या कणांत शिल्लक असू शकतात. हे कण वनस्पतींनी स्वतःच्या अंगात घडवलेले असतात. शास्त्रज्ञ त्यांना फायटोलिथ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘फायटॉन’ म्हणजे वनस्पती आणि ‘लिथॉस’ म्हणजे दगड.

गवताच्या अंगातला दगड

उसाच्या फडात उघड्या हातांनी शिरलेल्या माणसाला या दगडाची ओळख करून द्यावी लागत नाही. पाचटाची कड ब्लेडसारखी कातडी कापते. भाताच्या तुसाची राख दात आणि भांडी घासायला वापरली जाई, कारण ती बारीक घासणीचे काम करते. तूस जाळल्यावर वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी राख उरते आणि त्या राखेतला बहुतेक भाग सिलिका असतो. वाळू आणि गारगोटी ज्या द्रव्याची, तेच हे द्रव्य.

ते झाडात येते पाण्यावाटे. जमिनीतल्या पाण्यात सिलिका विरघळलेल्या रूपात थोडीशी असतेच. मुळे पाणी शोषतात, पाणी पानांपर्यंत चढते, तिथून वाफ होऊन निघून जाते आणि सिलिका मागे राहते. काही पेशींच्या भिंतींत, काही पेशींच्या पोकळीत ती घट्ट होते. साच्यात ओतलेल्या धातूला साच्याचा आकार यावा, तसा तिला त्या पेशीचा आकार येतो. वनस्पतीला याचा उपयोग असतो. ताट ताठ उभे राहते, किडींना व बुरशीला अडथळा होतो, चरणाऱ्या जनावराचे दात झिजतात. पुढे वनस्पती मरते, कुजते, जळते किंवा गुराच्या पोटातून शेणात येते. पेशी संपते आणि तिचा हा काचेचा ठसा मातीत पडून राहतो.

टिकाऊपणा हेच फायटोलिथचे मोठे बळ. धान्याचा दाणा हजारो वर्षे टिकायचा तर तो बहुधा जळून कोळसा व्हावा लागतो, तोही नेमका जळावा लागतो. फार जळला तर राख, कमी जळला तर कूज. परागकण ओलसर, हवाबंद गाळात टिकतात. दख्खनच्या तळपत्या, वर्षातून एकदा भिजून पुन्हा सुकणाऱ्या जमिनीत त्यांचा निभाव कमी लागतो. फायटोलिथला हवेची भीती नाही आणि चुलीच्या आचेचीही फारशी नाही. त्याचा शत्रू एकच, अति अल्कधर्मी माती. तिच्यात तो हळूहळू विरघळतो.

वंशलोचनापासून दर्यावरच्या धुळीपर्यंत

वनस्पतीच्या पोटात दगड सापडतो ही गोष्ट आपल्याकडच्या वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होती. सितोपलादि चूर्णात पडणारे वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरांच्या पोकळीत साचणारे पांढुरके, किंचित निळसर खडे. संस्कृतात त्याला त्वक्क्षीर, म्हणजे सालीचे दूध, असेही नाव आहे. त्यावरून अरबी-फारसीत ‘तबाशीर’ झाले आणि त्या नावाने हा माल पश्चिमेच्या बाजारांत गेला. उपवासाच्या लापशीला लागणाऱ्या आपल्या तवकिराचे नावही याच कुळातले दिसते, वस्तू मात्र आता निराळी आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मद्रास इलाख्यात काम करणारे पॅट्रिक रसेल यांनी तबाशीरविषयी लंडनच्या रॉयल सोसायटीला निबंध पाठवला. सोबत नमुनेही होते. जेम्स मेसी या तरुण रसायनशास्त्रज्ञाने त्यांची परीक्षा केली आणि १७९१ मध्ये निष्कर्ष मांडला : हा पदार्थ मूलतः सिलिका आहे. वनस्पतीतून निघालेला पदार्थ खनिजासारखा वागतो, हे तेव्हाच्या युरोपला नवल होते. याच मेसीने पुढे आडनाव बदलून स्मिथसन असे घेतले. आयुष्यात कधी न पाहिलेल्या अमेरिकेला त्याने आपली संपत्ती ज्ञानवृद्धीसाठी दिली आणि तिच्यातून १८४६ मध्ये स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. गंमत अशी की, विसाव्या शतकात फायटोलिथच्या अभ्यासाला शिस्त लावणाऱ्यांत अग्रगण्य ठरलेल्या डोलोरेस पिपर्नो याच संस्थेच्या पनामा येथील केंद्रात काम करत होत्या. बांबूच्या पेरातल्या खड्यापासून निघालेला धागा असा त्याच दारात परत आला.

वंशलोचन हा पेराच्या पोकळीतला खडा, पेशीच्या साच्यातला कण नव्हे. पेशींतल्या कणांचे पहिले वर्णन १८३५ मध्ये स्ट्रुव्ह या जर्मन अभ्यासकाने केले. त्यानंतर बर्लिनचे एहरेनबर्ग यांनी जगभरातून माती मागवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचा सपाटा लावला. त्यांना नमुने पाठवणाऱ्यांत चार्ल्स डार्विन होते. बीगल जहाज केप व्हर्दे बेटांजवळ असताना आफ्रिकेकडून आलेल्या वाऱ्याने जहाजावर बारीक धूळ पसरली. डार्विननी ती गोळा करून ठेवली. एहरेनबर्गना तिच्यात सूक्ष्म जीवांच्या कवचांबरोबर गवतांचे सिलिका कणही सापडले. डार्विननी ही हकीकत १८४६ मध्ये प्रसिद्ध केली. जमिनीवर वाढलेल्या गवताचा पुरावा वाऱ्यावर बसून भर समुद्रात पोहोचला होता.

तरीही पुढची शंभर वर्षे हा विषय वनस्पतिशास्त्राच्या कडेलाच राहिला. कण दिसत होते, त्यांची चित्रे निघत होती, पण त्यांचा उपयोग इतिहासाला होईल हे पुरते ध्यानात यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

खोगीर आणि डमरू

उपयोग आहे तो आकारांमुळे. गवतांच्या पानांतले छोटे कण तपासले तर तीन मोठे गट दिसतात. कोरड्या, उष्ण माळावरच्या आखूड गवतांत घोड्याच्या खोगिरासारखे कण जास्त असतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ज्या गटात येतात त्यांत डमरूसारखे, मधे आवळलेले आणि दोन्ही टोकांना गोल कण असतात. गहू, जव आणि थंडीत वाढणाऱ्या गवतांत गोलसर किंवा चौथऱ्यासारखे कण अधिक. भाताच्या पानात पंख्यासारखे मोठे कण असतात आणि तुसावर दोन शिखरांचे. गव्हाच्या व जवाच्या तुसावर नागमोडी रेषांचे पट्टे असतात आणि त्यांच्या वळणांवरून दोन्ही धान्ये वेगळी काढता येतात.

मातीतून हे कण काढण्याची रीत सांगायला सोपी, करायला चिकाटीची. पाच-दहा ग्रॅम माती पुरते. आम्लाने तिच्यातला चुना घालवायचा, मग सेंद्रिय भाग जाळून किंवा रसायनाने नाहीसा करायचा, चिकणमाती धुऊन काढायची आणि उरलेला गाळ जड द्रवात घालायचा. फायटोलिथ हे पाण्याचा अंश धरून ठेवणाऱ्या ओपल जातीच्या सिलिकेचे, म्हणून वाळूपेक्षा हलके. वाळू बुडते, ते तरंगतात. वरचा थर काचपट्टीवर घेतला की सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी सुरू होते. दर नमुन्यामागे काही शे कण मोजावे लागतात.

इथे सावधगिरीही तेवढीच लागते. एकाच रोपाच्या पानात, देठात आणि तुसात वेगवेगळे कण असतात, आणि एकच आकार अनेक जातींत सापडतो. एका डमरूवरून ज्वारी होती म्हणणे म्हणजे एका पागोट्यावरून माणसाचे गाव सांगणे. म्हणून कणांचा पूर्ण मेळ पाहावा लागतो आणि तुसावरच्या नक्षीला पानापेक्षा अधिक वजन द्यावे लागते. शिवाय सर्व वनस्पती सिलिका सारखी साठवत नाहीत. गवते, ताड, केळी उदार. तूर, हरभरा, मूग यांसारखी कडधान्ये कंजूष. त्यामुळे केवळ फायटोलिथवर विसंबले तर प्राचीन ताटातून डाळ गायब होईल. जळके दाणे, पराग, हाडे आणि फायटोलिथ यांनी एकमेकांची साक्ष तपासत जाणे हीच खरी पद्धत.

पिसदुऱ्याची विष्ठा

या शास्त्राने जगाला दिलेला एक मोठा धक्का महाराष्ट्रातूनच गेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. दख्खनचा लाव्हा पसरला त्याच्या आगेमागे साचलेले लॅमेटा खडक तिथे उघडे पडतात. ज्यांच्या नावाने नागपुरात महाविद्यालय आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच या भागातले जीवाश्म अभ्यासकांच्या नजरेला आणले. पिसदुऱ्याच्या शिवारात महाकाय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हाडांबरोबर त्यांची दगड झालेली विष्ठाही मिळते. चार्ल्स मॅटली यांनी १९३९ मध्ये तिच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला होता.

त्या विष्ठेच्या आत काय आहे हे लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद यांनी तपासले. स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, तसेच हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी त्यांच्या सोबत होते. नोव्हेंबर २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. विष्ठेत ताड, सूचिपर्णी आणि इतर झाडांच्या कणांबरोबर गवतांचे फायटोलिथ होते, तेही एका जातीचे नव्हे. किमान पाच वेगवेगळ्या प्रकारांची गवते टायटॅनोसॉर जातीच्या डायनोसॉरांच्या पोटात गेली होती.

या शोधाचे मोल कळण्यासाठी त्याआधीची समजूत ध्यानात घ्यावी लागते. गवताचा निर्विवाद पुरावा तोवर सुमारे साडेपाच कोटी वर्षांपर्यंतच पोहोचत होता. डायनोसॉर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले. म्हणजे डायनोसॉरांनी गवत पाहिलेच नाही असे धरून चालत. संग्रहालयातल्या चित्रांत त्यांच्या पायाखाली नेचे असत, गवत नसे. पिसदुऱ्याने ते चित्र बदलले. गवते तेव्हा होती एवढेच नव्हे, तर त्यांच्या शाखा-उपशाखाही फुटल्या होत्या. त्या काळातल्या काही छोट्या सस्तन प्राण्यांचे दात इतके उंच आणि घासायला योग्य का होते, या कोड्याचाही उलगडा होण्याची वाट दिसली.

२०११ मध्ये याच ठिकाणच्या सामग्रीवर पुढचा निबंध आला. त्यात वंदना प्रसाद यांच्यासह नागपूरचे धनंजय मोहबे आणि बंदना सामंत यांचा सहभाग होता. भाताचे पीक ज्या कुळशाखेत येते त्या शाखेतल्या गवतांचे कण त्यांना सापडले. शेतीतला भात माणसाने घडवला तो गेल्या काही हजार वर्षांत, पण त्या शाखेचे पूर्वज विदर्भाच्या भूमीवर डायनोसॉरांच्या काळात उभे होते. पुढे २०१८ मध्ये चीनमधल्या एका डायनोसॉरच्या दातांना चिकटलेल्या गवताच्या अवशेषांनी गवताचा काळ दहा कोटी वर्षांच्याही मागे नेला. तरी हे दार पहिल्यांदा उघडले ते वरोऱ्याच्या शिवारात.

पिसदुऱ्याने इतिहासाच्या अभ्यासकालाही एक धडा दिला. हाडांमागे लोक शंभर-दीडशे वर्षे धावत होते. त्यांच्या शेजारी पडलेली विष्ठा कित्येकांनी पाहिली, पण तिच्या आतली साक्ष काढायला योग्य प्रश्न आणि योग्य भिंग दोन्ही लागले.

केळीला बी नसते

डायनोसॉरांचा काळ सोडून माणसाच्या शेतीकडे वळू आणि खानदेशाच्या जिव्हाळ्याचे पीक घेऊ. आपण खातो त्या केळीत बी नसते. लावायचा तो कंद किंवा मुनवा. फळ मऊ, खोड म्हणजे पानांच्या देठांच्या गुंडाळ्या. जळून टिकेल असे तिच्यात फारसे काही नाही. त्यामुळे उत्खननात केळ सापडणे जवळजवळ अशक्य. पण केळीच्या पानात ज्वालामुखीच्या तोंडासारखे, वर खळगा असलेले फायटोलिथ असतात आणि ते मातीत राहतात.

पापुआ न्यू गिनीतल्या कुक दलदलीत सुमारे साडेसहा-सात हजार वर्षांपूर्वी केळीची लागवड होत होती, हे अशाच कणांनी दाखवले. आपल्या जवळचा पुरावा सिंधमधला. कोटदिजी येथील इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातल्या थरांत केळीच्या वर्गातले फायटोलिथ मिळाल्याचे मार्को मादेला यांनी नोंदवले आहे. सिंधू नदीकाठी केळ इतकी जुनी असेल, तर ती तिथे कोणत्या वाटेने गेली? तापीचे खोरे ही गुजरात आणि दख्खन यांना जोडणारी जुनी वाट. तिच्या काठी केळ केव्हा रुजली? सह्याद्रीत रानकेळही उगवते, म्हणून नुसता केळीसारखा कण पुरत नाही. रानकेळ आणि लागवडीची केळ यांचे कण वेगळे ओळखावे लागतील. पण निदान प्रश्न विचारता येतो आणि उत्तर कुठे शोधायचे हेही सांगता येते. फायटोलिथ नसता तर केळीच्या बाबतीत प्रश्नच बंद होता.

दुसरा उपयोग त्याहून घरगुती आहे. कोणते धान्य होते याबरोबर ते कोठे आणि कसे साफ केले जात होते, हेही या कणांवरून कळते. पानांचे व ताटांचे कण मळणीच्या जागी पडतात. तुसाचे कण कांडणाच्या जागी पडतात. एमा हार्वी आणि डोरियन फुलर यांनी २००५ मध्ये उत्तर प्रदेशातील बेलन खोऱ्यातल्या महागरा या नवाश्मयुगीन गावाच्या मातीवर ही रीत लावून दाखवली. खळे गावकीचे होते की घरोघरचे, धान्य पूर्ण सडून साठवत की तुसासकट ठेवून रोज लागेल तेवढे कांडत, हे प्रश्न मातीला विचारता येतात. रोजचे कांडण म्हणजे रोजची पहाट आणि बहुतेक घरांत ती बाईच्या वाट्याची. जात्यावरच्या ओव्यांनी त्या श्रमाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचवला, पण ओव्या काही शतकांच्या. त्याआधीच्या मुसळाचा आवाज तुसाच्या कणांत आहे.

प्रकाशे, नावडातोडी, इनामगाव

आता तापीकाठी परत येऊ. गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे ‘दक्षिण काशी’ म्हणून भाविकांना माहीत आहे, पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ते तिथल्या पांढरीमुळे माहीत आहे. १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासून पूर्वमध्ययुगापर्यंतच्या चार वसाहती एकावर एक सापडल्या. सर्वांत खालच्या थरांत माळवा आणि जोर्वे पद्धतीची रंगीत भांडी आणि दगडाची बारीक पाती होती. त्यानंतर गाव काही काळ ओस पडले आणि पुढे लोखंड वापरणारे लोक आले. खानदेशाचा प्राचीन कालक्रम बऱ्याच अंशी या खड्ड्याच्या आधाराने लावला गेला.

तो लावला तो मुख्यतः खापरांवरून. त्या काळाची रीतच ती होती आणि त्या रीतीने आपल्याला पुष्कळ दिले. धान्याकडे लक्ष वळायला नुकतीच सुरुवात झाली होती. सातपुड्याच्या पलीकडे नर्मदेकाठी नावडातोडी येथे हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननातले जळके दाणे विष्णु-मित्रे यांनी ओळखले : गहू, तांदूळ, मसूर, मूग, उडीद. पुढे पुणे जिल्ह्यातील इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे दीड दशक काम केले आणि तिथल्या धान्यांचा अभ्यास मुकुंद काजळे यांनी केला. जव हे इनामगावकरांचे प्रमुख धान्य होते, हे त्यातूनच कळले.

इनामगावात एक न सुटलेला प्रश्न आहे. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास तिथली ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि ७०० च्या सुमारास गाव उठले. म. के. ढवळीकरांनी त्याचे कारण पाऊसमान घटण्यात पाहिले : शेती आटली, लोक गुरांमागे फिरू लागले. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, दायमाबाद, नेवासे येथील सांगाड्यांचा अभ्यास केला तेव्हा गोष्ट इतकी सरळ नसल्याचे दिसले. दुष्काळ, की जमिनीचा कस गेला, की गावातलाच काही बदल? प्रकाशे ओस पडले त्यामागेही हेच होते का?

हा वाद खापरांनी मिटणारा नाही. गवत मात्र त्यात साक्षीदार म्हणून उभे राहू शकते. पाऊस घटला असेल तर वरच्या थरांत खोगिरासारखे कण वाढायला हवेत, गहू-जवाचे चौथरे आणि नागमोडी पट्टे घटायला हवेत. सिंचनावर वाढलेल्या गव्हात पाण्याच्या मुबलकतेमुळे सिलिका जास्त साचते आणि शेजारशेजारच्या पेशींचे जोडलेले मोठे तुकडे मिळतात, असे आर्लिन रोझेन आणि स्टीव्ह वायनर यांनी १९९४ मध्ये दाखवले. म्हणजे इनामगावच्या कालव्याचे पाणी खरोखर किती पिकाला लागत होते, याचीही चाचपणी करता येईल. लोक गुरांमागे गेले असतील तर शेणातून आलेल्या रानगवताचे कण वाढलेले दिसतील. यातला प्रत्येक अंदाज खोटा ठरू शकतो, म्हणूनच तो शास्त्राचा.

सारवणाचे पापुद्रे

पांढरीचे खरे वैभव इथे आहे. आपल्या घराची जमीन शेणाने सारवण्याची रीत दख्खनच्या प्राचीन गावांतही होती. प्रत्येक सारवण म्हणजे त्या दिवसांत गुरांनी काय खाल्ले याची पातळ नोंद. वैशाखातल्या सारवणात कडब्याचे कण, भाद्रपदातल्या सारवणात हिरव्या गवताचे. असे पापुद्रे एकावर एक बसून घराची जमीन उंचावत जाते. भिंतीच्या चिखलात कालवलेले भूस, कणगीला लिंपलेले शेण, गोवऱ्यांची राख, सगळ्यांत गवत आहे. पांढरीचा पांढरेपणा आपण राखेला देतो, आणि त्या राखेचा मोठा भाग मुळात गवताचे आणि ताटांचे हे कण.

राख स्वतः अल्कधर्मी असते, त्यामुळे काही कण झिजलेले मिळतील हे मान्य केले पाहिजे. तरी शेकडो मोजले तर बोलके निघतात, असा जगभरच्या उत्खननांचा अनुभव आहे.

आणि नेमकी हीच माती आपण उचलून नेत आहोत. खानदेशातल्या धाब्याच्या घरांवर पांढरी माती पसरण्याची जुनी पद्धत आहे. पावसाचे पाणी ती अडवते, म्हणून गावोगावचे उकिरडे आणि टेकाडे त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या उकरले गेले. ओस पडलेल्या पांढरीची माती खतासारखी शेतात टाकण्याचीही चाल आहे. ज्याने ती नेली त्याचा त्यात दोष नव्हता, फावड्याने जाणारी माती थोडी असे. आता यंत्र एका दिवसात अख्खे टेकाड सपाट करते. नदीचा काठ कोसळतो तो वेगळाच. एकदा पांढर काळीत मिसळली की थरांचा क्रम मोडतो. कण उरतात, पण कोणता कण कोणत्या काळातला हे सांगणारे काही उरत नाही. सुटी पाने आहेत आणि पृष्ठांक पुसले आहेत, अशा पोथीसारखी तिची गत होते.

उपाय अवाढव्य नाहीत. उत्खनन होईल तिथे प्रत्येक जमिनीची, प्रत्येक चुलीची, प्रत्येक साठवणीच्या खड्ड्याची काडेपेटीत मावेल एवढी माती क्रमांक घालून ठेवली पाहिजे. आज तपासायला हात नसतील तर वीस वर्षांनी असतील, कारण फायटोलिथला घाई नाही. गावठाणाच्या टेकाडाचा कोसळलेला कडा दिसला तर त्यातूनही थरवार नमुने घेता येतात, नवे खोदावे लागत नाही. मात्र परवानगीने आणि जाणत्यांच्या सोबतीने. दुसरे काम शहादा-नंदुरबारच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्र विभागांना सहज करता येईल : आपल्या भागातल्या गवतांचा आणि पिकांचा तुलनासंग्रह. खानदेशी दादर ज्वारी, सातपुड्यातली बर्टी, भगर आणि राळा, माळावरची कुसळी गवते, पडीक बांधावरचे तण यांची पाने आणि तुसे जाळून त्यांचे कण काचपट्टीवर बसवून ठेवायचे. जुना कण ओळखायला आजचा नमुना शेजारी लागतो. चीनच्या किंवा युरोपच्या पुस्तकातले चित्र दादरची ओळख पटवणार नाही. डोंगरातली ही जुनी वाणे स्वतःच दुर्मीळ होत चालली आहेत, तेव्हा हा संग्रह उद्याच्या शेतीलाही उपयोगी पडेल.

ब्राह्मणपुरीसारख्या गावांचा इतिहास लिहायचा तर आपण आधी देवळाचा शिलालेख शोधतो, मग पाटलाचे दप्तर, मग वृद्धांच्या आठवणी. तिन्ही ठिकाणी भेटतात ती बोलू शकणारी, लिहवून घेऊ शकणारी माणसे. ज्यांनी पेरले, कापले, कांडले आणि सारवले त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. ती गवताने ठेवली, स्वतःच्या पेशीच्या मापाची. ही नोंद वाचण्याची विद्या आज आपल्या हाती आहे, आणि नोंदीची वही अजून बऱ्याच गावांच्या पायाखाली शाबूत आहे. विद्या शिकायला वेळ घेतला तरी चालेल. वही मात्र आजच जपायला हवी.